एक्केचाळिसावं घर

राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत शेहेचाळीस दिवस होतात. त्यांतले सहा रविवार वगळायचे. रविवार हा प्रभू उठला तो दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. उरले चाळीस. माघ सरत आला की हे गणित मी दरवर्षी मनाशी एकदा करतो. उत्तर बदलणार नाही हे ठाऊक असतं, तरी करतो.

बाहेरही तेव्हा सगळं ठरल्यासारखं होत असतं. चिंचवडच्या मागच्या शेतांत हरभरा उपटून झालेला असतो, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडू लागतात. पवनेच्या काठचा पांगारा अंगावर एक पान नसताना लालभडक होतो. दुपारी रुळांकडे पाहिलं तर लोखंड पाण्यासारखं हलताना दिसतं, आणि संध्याकाळी त्याच रुळांवरून येणारं वारं अंगाला गार लागतं. हल्ली त्या वाऱ्यात औषधाच्या कारखान्याचा आंबूस वास असतो. मला मात्र त्याच्याआधी दुसराच एक वास येतो, भिजत घातलेल्या शिंदीच्या पानांचा. आमच्या घराजवळ शिंदीचं एकही झाड नाही. चार वर्षांपूर्वीचा उपवासकाळ या वासासकट माझ्यापाशी राहिला आहे, आणि तो वास आला की माझी मान आपोआप खाली जाते.

परवा शांतवन घरी आला. आमच्या मंडळीचा हा नवा चिटणीस. मंडळी म्हणजे दर रविवारी चिंचवडच्या भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये उपासनेला जमणारे आम्ही सगळे. बहुतेक नगर जिल्ह्यातून, थोडे जालन्याकडून, कारखान्यांच्या आणि लष्करी डेपोच्या नोकऱ्यांमागे आलेले. शांतवन पंचविशीचा आहे, कामाला चोख.

"काका, तुम्ही चिटणीस होता तेव्हाची यादी आहे ना जपून ठेवलेली? पाळकसाहेब म्हणाले, तुमच्यासारखी नीट यादी कुणी केली नाही. नमुन्याला द्या."

"नमुना कशाला? घरं मोज, दिवस मोज."

"घरं त्रेपन्न झालीत, काका. दिवस चाळीसच."

यादी माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. आखीव कागद, शाईचं अक्षर, एकही खाडाखोड नाही. त्या कागदावर चूक शोधायला बसलात तर सापडणार नाही. म्हणूनच तो मला शांतवनच्या हाती द्यायचा नव्हता. "शोधून ठेवतो," म्हणालो. तो गेल्यावर बायको आतून म्हणाली, "काय शोधणार? जागा तर ठाऊक आहे तुम्हाला."

आमच्यात पद्धत अशी. उपवासकाळात रोज संध्याकाळी एका घरी प्रार्थना. साडेसहाला माणसं जमतात. घरधनी आधी प्रार्थना करतो, मग पेटी आणि झांजेवर दोन भजनं, पाळकसाहेबांचं थोडं बोलणं, आणि शेवटी चहा. फराळ नाही, कारण दिवस उपवासाचे. तरी बायका त्या एका संध्याकाळसाठी आठ दिवस राबतात. भिंती सारवतात, शेजारून कप आणून ठेवतात. ज्या घरात मंडळीने बसून त्या घरच्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना केली, ते घर वर्षभर आपण एकटे नाही असं म्हणू शकतं. मी हे उगाच मोठं करून सांगत नाही. परगावी आलेल्या माणसाला याची किंमत विचारा.

त्या वर्षी दापोडीपासून देहूरोडपर्यंत, रुळांच्या कडेकडेने दहा मैलांत, आमची एक्केचाळीस घरं होती.

एक्केचाळीस घरं, चाळीस संध्याकाळी. कुणीही म्हणेल, यात काय अवघड? एका दिवशी जवळची दोन घरं घ्यावीत. मीही तेच करणार होतो. पेन्सिलीने कच्ची यादी करून बसलो होतो, तेव्हा साळवेमामा आले. डेपोत गोदाम सांभाळणारे साळवेमामा आमच्या मंडळीतले सर्वांत जुने. मी पहिल्यांदा इकडे आलो तेव्हा दोन महिने त्यांच्याच पडवीत निजलो होतो. नोकरीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. शिवाय त्या ईस्टरनंतर मंडळीचे तीन वडील, म्हणजे कारभारी निवडायचे होते, आणि माझं नाव मामांनी सुचवलं होतं. हे सांगायला हवं, कारण त्या संध्याकाळी खोलीत आम्हा दोघांबरोबर तेही बसलेलं होतं.

मामांनी चष्मा चढवला आणि यादीवरून बोट खाली आणत नेलं. कासारवाडीपाशी ते थांबलं.

"ही राहेलबाई. हिच्याकडं कसं करणार, चिटणीस?"

"कसं म्हणजे?"

"खोपटं आहे ते. तीस-बत्तीस माणसं. बसायची कुठं?" मग बशीतला चहा फुंकत म्हणाले, "आणि प्रार्थना झाली की चहा आलाच."

पुढचं बोलायची गरज नव्हती. राहेलमावशी केरसुण्या वळायची. तिचं माहेर, सासर, सगळे केरसुण्या आणि दोरखंड वळणारे. आमचे वाडवडील गावकुसाबाहेरच्या दुसऱ्या वस्तीतले. गावाच्या दृष्टीने दोन्ही वस्त्या बाहेरच्याच, पण आमच्या वस्तीची माणसं त्यांच्या वस्तीत पाणी पीत नसत. दोघांच्या घरी बाप्तिस्म्याला दोन-दोन पिढ्या झाल्या होत्या. जात आम्ही गावी सोडून आलो असं आम्ही म्हणत होतो. सामानाबरोबर ती आली कशी हे कुणी पाहिलं नव्हतं.

मी जातीचं नाव काढलं नाही. मी गणित केलं.

राहेलमावशीचं खोपटं आठ फूट बाय नऊ, म्हणजे बहात्तर चौरस फूट. चूल, माठ, पानांचे भारे यांचे बावीस वजा. उरले पन्नास. मांडी घालून बसणाऱ्या माणसाला चार चौरस फूट धरले तर माणसं मावणार बारा. येणार बत्तीस. मामांना कागद दाखवला. ते म्हणाले, "झालं तर मग. तुम्ही आकड्यांची माणसं, तुमच्यापुढं आम्ही काय बोलणार?" मी नाव खोडलं नाही. पक्क्या यादीत ते उतरवलंच नाही, एवढंच. चाळीस घरं, चाळीस दिवस. ताळा जमला.

बाकीच्या चाळीस घरांचे चौरस फूट मी काढले नव्हते. देहूरोडच्या एका खोलीत पलंग, शिवणयंत्र आणि चार मुलं होती. तिथे आम्ही बाहेर सडकेवर बसायचो.

रविवारी शेडमध्ये यादीतली नुसती नावं वाचली; घराघराला आपापला दिवस वेगळा कळवलेला असे, बाकीच्यांना तो आदल्या संध्याकाळी कळे. उपासना सुटल्यावर राहेलमावशी माझ्याकडे आली. साठीची, काटकुळी, हातांची बोटं पानांनी कापून कापून खरबरीत झालेली. तोंड मात्र तिखट.

"चिटणीसदादा, माजं नाव कवा वाचलं? मला काय ऐकू न्हाई आलं. कान गेलं का काय माजं?"

शेजारी चार माणसं उभी होती. मी कागद खिशात घातला आणि म्हणालो, "शेवटी बघू, मावशी."

तीन शब्द. त्यांना खोटं म्हणता येणार नाही, आणि खरंही म्हणता येणार नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"शेवटी? ईस्टरच्या आदल्या दिशी? बेस झालं की! तवर समदं आवरून हुईल माजं." मग आवाज खाली आणून, "कुनाला बोलत न्हाई हां मी. उगं मिरवल्यावानी दिसतं."

आणि ती कुणालाही बोलली नाही. बोलली असती तर माझी सुटका लवकर झाली असती.

मी त्या वेळी एका कारखान्यात तपासनीस होतो, अजूनही आहे. पोलादी कड्या बनून येतात, त्यांची मापं आम्ही तपासतो. हातात एक ठोकळा असतो. एक टोक कडीत शिरलं पाहिजे आणि दुसरं शिरता कामा नये. दोन्ही जुळलं तर माल पुढे, नाहीतर भंगारात. दिवसाला सहाशे कड्या. ही सवय हातातून मनात कधी गेली ते कळलं नाही. स्वर्गाबद्दलही माझी समजूत अशीच होती. इतकी वर्षं उपासनेला गैरहजेरी नाही, दारूला स्पर्श नाही, खोटी सही नाही. माप बरोबर आहे, माल पुढे जाणार. शास्त्रात 'आशा' हा शब्द येई तेव्हा मला तो थोडा सैल वाटायचा. आशा कसली? खात्री का नाही?

त्या चाळीस दिवसांत खात्री सुटली.

राहेलमावशी रोज प्रार्थनेला यायची. दापोडीकडे असो नाहीतर आकुर्डीला, दिवसभर केरसुण्या विकून ही बाई चालत हजर. आणि रोज माझ्यासाठी तिच्याकडे एक प्रश्न असायचा.

"मानसं किती येत्यात वो, नेमकी?"

"बत्तीसच्या आसपास."

"म्हंजी चार चटया. आठ चोक बत्तीस." केरसुण्यांच्या जुड्या मोजून मोजून तिचे पाढे पक्के होते. "रुंद इनते जरा. पाळकसायबांच्या मांड्या मोठ्या हायेत."

तिसऱ्या आठवड्यात मी सायकलवरून कासारवाडीला गेलो, तिला खरं सांगायचं ठरवून. खोपट्यासमोर रूळ आणि बाभळी यांच्यामध्ये मोकळी जागा होती. ती तिने चोपून, सारवून, तळहातासारखी केली होती. एका बाजूला भिजलेल्या शिंदीच्या पानांचा ढीग, दुसऱ्या बाजूला दोन चटया तयार. तिसरी तिच्या मांडीवर.

"घरात बसवायची न्हाईत मानसं?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझीही जीभ गावाकडे वळायची.

"घरात कुटं? आत मी येकटी मावत न्हाई. हितं भाईर. देवाला काय छप्पर लागतंय व्हय?"

मी नजरेने मोजलं. सहज चाळीस फूट बाय पंचवीस. हजार चौरस फूट. यादी करताना मी फक्त आतलं मोजलं होतं.

एक मालगाडी गेली. बोलायला तोंड उघडणार, तर तीच बोलू लागली.

"सांगू का दादा, माज्या घरात मंडळी कवाच बसली न्हाई. आमचे हे, यशवंतराव, रेल्वेच्या गँगमध्ये हुते. दवाखान्यात गेले, तिथनंच परस्पर मातीला नेलं. लेकरं दोन, ती गावाकडंच गेली, पटकीत. ह्या घरात कुनी नाव घेऊन प्रार्थना केलीच न्हाई कवा. मी मेल्यावर करतील म्हना. पन तवा मी कुटं असनार ऐकायला?" ती स्वतःच हसली. "जित्तेपनी येकदा ऐकायचं हाय. वर गेल्यावर हे ईचारतील, तुज्या घरी कोन कोन आलं हुतं गं? तर काय सांगू?"

"मावशी, वर अशा चौकशा नसतात."

"तुमी जाऊन आलाव जनू."

मला हसू आलं, आणि हसल्यामुळे जे सांगायचं होतं ते आत राहिलं. तिने विचारलं, "सोन्याचे रस्ते असत्यात म्हनं तिथं. खरं का?"

"तसं लिहिलंय."

"मग झाडायला कुनी तरी लागंलच."

"स्वर्गात धूळ नसते, मावशी."

"सोन्याला धूळ बसत न्हाई व्हय? सोनाराच्या दुकानात जाऊन बगा की. सकाळ-सांज झाडत असतो त्यो." मग पान दातात धरून चिरत म्हणाली, "मला काम द्या म्हनावं. नुसतं बसून माज्याच्यानं न्हाई व्हायचं."

निघताना तिने तांब्या पुढे केला. उन्हं कडक होती आणि मी तीन मैल सायकल मारली होती. "आत्ताच पिऊन निघालो," असं म्हणालो. हे खोटं होतं, त्यात अर्धमुर्धं काही नव्हतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. गणितही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "चौरस फूट मला सांगू नका. साळवेमामा तिच्या हातचं पाणी पीत नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही पिता का?"

"मी जातपात मानत नाही."

"ते विचारलं नाही मी. पिता का?"

ताटातले खडे वेगळे पडल्याचा आवाज येत राहिला. मी उठून बाहेर गेलो.

राहेलमावशी आता नाही. दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसात, चार दिवसांच्या तापाने गेली. तिच्या बाबतीत जे व्हायचं ते झालं आहे आणि ते चांगलं झालं असणार याविषयी मला शंका नाही. आश्चर्य याचं वाटतं की तिला स्वतःला ती खात्री कधीच नव्हती. ती खात्री मागतही नव्हती. तिला काम हवं होतं आणि ओळखीची माणसं हवी होती; बाकी देव बघेल. मी इतकी वर्षं जिला सैल म्हणत आलो ती आशा हीच. कारखान्यात आम्ही प्रत्येक मापाला थोडी सूट देतो. इंचाचा हजारातला एखादा भाग इकडे-तिकडे चालतो. नवख्या माणसाला ते ढिलेपण वाटतं. पण ती सूट काढून टाका, सहाशेतली एकही कडी पास होणार नाही. देवाच्या हातात सूट नसती तर आपलं काय झालं असतं, हा विचार मला चाळिशी उलटेपर्यंत शिवला नव्हता. आपल्याला ती लागणार नाही, अशीच माझी समजूत होती.

पण हे आजचं बोलणं झालं. त्या वेळी असलं काही सुचत नव्हतं. त्या वेळी फक्त दिवस सरत होते. सत्तावीस, अठ्ठावीस. कुठल्याही घरी गेलो की भजन चालू असताना माझे डोळे तिच्यावर जायचे आणि ती टाळी वाजवत असायची. मामांना सांगावं म्हणून दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा त्यांनी आपल्या घरच्या तयारीबद्दल विचारलं, कारण यादीतलं चाळिसावं घर त्यांचं होतं. "शनिवारी माणसं जास्त येतील, चिटणीस. चाळीस धरू?" मी म्हणालो, "धरा." तेहेतीस, चौतीस. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार झाला. चौथी चटई पूर्ण झाल्याचं तिने मला कानात सांगितलं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते. पत्र्याची शेड, चैत्राचं ऊन. पाळकसाहेब वधस्तंभाविषयी बोलत होते आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. तीनला सगळे बाहेर लिंबाखाली आले. त्या दिवशी मोठ्याने कुणी बोलत नाही, म्हणून राहेलमावशीचा हळू आवाजसुद्धा सगळ्यांना ऐकू गेला.

"दादा, उद्या किती वाजता म्हनायचं?"

साळवेमामा दोन पावलांवर होते. "उद्या माझ्याकडं आहे, बाई. साडेसहाला. या."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग शोधला, तो नव्हता. ती मोजत होती. सहा आठवडे मी टाळलेली प्रत्येक गोष्ट, न प्यायलेला तांब्या, "शेवटी बघू". सगळं तिने त्या एका नजरेत मांडलं आणि तिला उत्तर आलं. ते उत्तर आल्याचं मी पाहिलं.

मी तोंड उघडायला हवं होतं.

"अगं बया, मामांकडं व्हय?" ती एकदम मोठ्याने म्हणाली. "माजंच चुकलं. मला वाटलं, माज्याकडं. म्हातारपन, दुसरं काय! ह्यांनी सांगितलं हुतं बरुबर, मीच येडी." आणि हसली. लोकही हसले, मायेने हसले. कुणी तरी म्हणालं, "मावशी, पुढच्या वर्षी." ती म्हणाली, "व्हय की, कुटं पळून चाललंय?"

माझी चूक तिने भर मंडळीत उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली. तीही त्या दिवशी, त्या वेळेला, जेव्हा आम्ही तीन तास नेमकं हेच ऐकून बाहेर आलो होतो. आणि मी ती घेऊ दिली. मी सायकलची साखळी तपासत खाली वाकलो. साखळी ठीक होती.

त्या रात्री जेवलो नाही. बायकोला वाटलं उपवास. शनिवारी कारखान्यात ठोकळा कडीत घालत होतो आणि कुठलं टोक घातलं ते लक्षात राहत नव्हतं. एक पेटी पुन्हा तपासावी लागली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

साळवेमामांचं घर पिंपरीत, स्टेशनजवळ. अंगणात सतरंज्या, पेट्रोमॅक्स आधीच लावून ठेवलेली. साडेसहाला मी माणसं मोजली. एकोणचाळीस. राहेलमावशी नव्हती. चाळीस दिवसांत पहिल्यांदा गैरहजर. मामा घरधनी म्हणून प्रार्थनेला उभे राहिले, तेवढ्यात मीही उभा राहिलो. पाय माझेच होते, पण उठायचं त्यांनीच ठरवलं.

"मामा, एक मिनिट. आधी मला बोलायचंय."

"नंतर, चिटणीस."

"नंतर जमणार नाही."

मी पाळकसाहेबांकडे पाहत बोललो, मामांकडे पाहायची हिंमत नव्हती. "यादीत एक घर कमी आहे. राहेलमावशीचं. ते मी गाळलं. काल ती म्हणाली तिचं चुकलं. तिचं चुकलं नाही. मी तिला शेवटी बघू म्हणालो आणि सहा आठवडे तिला चटया विणू दिल्या. जागा लहान म्हणून गाळलं असं मी सांगितलं, कागदावर गणितही केलं. ते गणित खोटं होतं. तिच्याकडे चहा पिणं नको होतं. दुसऱ्या कुणाला नको होतं का, ते मी सांगत नाही. मला नको होतं."

बायकांच्या बाजूने माझ्या बायकोने डोक्यावरचा पदर सारखा केला. मंडळीचा वडील होणं आता संपलं, हेही मला स्पष्ट दिसलं. ते दिसलं याचीच लाज वाटली, कारण तेवढ्यातही मन ते मोजत होतं.

"खाली बसा, चिटणीस," मामा म्हणाले. आवाज कापत होता, रागाने की कशाने ते मला आजही सांगता येणार नाही. "माझ्या दारात, आजच्या दिवशी..."

पाळकसाहेबांनी गीतांचं पुस्तक मिटलं. "कासारवाडी इथून किती लांब?"

"पावणेदोन मैल. चालत पस्तीस मिनिटं."

"साळवेमामा," पाळकसाहेब म्हणाले, "तुमच्याकडे प्रार्थना करू आणि मग तिकडे जाऊ. तुम्हीही चला."

मामांनी प्रार्थना केली. आटोपशीर, नीट. चहा झाला. मग पाळकसाहेब उठले आणि त्यांच्यामागून माणसं उठली. सगळी नाही. मी मोजली, मला न मोजता येत नाही: बावीस. साळवेमामा दाराशी उभे राहिले. ते आले नाहीत. पुढेही कधी त्यांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही, आणि माझ्याशी वागण्यात तसूभर फरक केला नाही, ना चांगला, ना वाईट. अशा माणसाचं काय करायचं ते मला कळलेलं नाही. त्यांच्या पडवीत मी दोन महिने निजलो होतो, हे मात्र खरं आहे.

आम्ही रुळांच्या कडेने एका ओळीत चाललो. पुढे कंदील. पोचलो तेव्हा मावशी खोपट्याच्या दारात केरसुणी बांधत बसली होती. चारही चटया गुंडाळून भिंतीला उभ्या केलेल्या. एवढी माणसं पाहून ती घाबरून उठली.

"कोन गेलं?" तिने पहिल्यांदा हेच विचारलं.

"कुणी नाही, मावशी," मी म्हणालो. "यादीत तुमचं नाव मी घातलं नव्हतं. मुद्दाम. ते सांगून आलोय सगळ्यांना. आता प्रार्थनेला आलोत."

तिने कंदील माझ्या तोंडाजवळ धरला. बराच वेळ धरला. मग वळून म्हणाली, "मग हुबं काय ऱ्हायलाव? त्या चटया घ्या की कुनी तरी. आन् दूध न्हाई हां घरात, काळा च्या मिळंल. ही काय यायची येळ झाली?"

चटया पसरल्या. चारही, जरी तीन पुरल्या असत्या. मी सर्वांत मागे, चपला काढल्या होत्या तिथे, मातीत बसलो. खरं सांगतो, त्यातही मला बरं वाटलं होतं. आपण आता कुठे बसलं पाहिजे ते आपल्याला कळलं, असं वाटलं होतं. मावशी हातात तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर थांबली.

"दादा, वर सरका. हितं मी बसनार. घर माजं हाय."

मी वर सरकलो. तिने तांब्या दिला. पाणी कोमट होतं, त्याला मडक्याचा आणि थोडा पानांचा वास होता. मी तो तांब्या रिकामा केला.

पाळकसाहेब म्हणाले, "घरधनीण आधी." तिने पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले. लांबून गाडी येत होती. गाडी पोचायच्या आधी उरकावं अशा घाईने ती बोलली.

"देवा, मानसं आली. यशवंतराव, ऐकताय न्हवं तुमी? मानसं आली आपल्या घरी. देवा, त्यास्नी उशीर झाला, पन लांबनं आल्यात, बोलू नको त्यास्नी. मामा आलं न्हाईत, त्यांचे गुडघे दुखत असतील. आन् ह्या चिटणीसाचं गणित लई कच्चं हाय. त्याला तुज्या हाताखाली घे. आमेन."

गाडी आली आणि धडधडत निघून गेली. त्या आवाजात सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हणालो तेव्हा शेवटचा डबाही निघून गेला होता आणि माझं एकट्याचं आमेन त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.